घरच्या मासे-भाजीच्या हरितगृहाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्ह्यात मावळात, कामशेतच्या पुढे आमचं एक गुंठ्याचं पॉलिहाऊस आहे. पूर्वी त्यात गुलाब होते. आता एका टोकाला ४,००० लिटरची गोल टाकी आहे, तिच्यात चिलापी मासे आहेत, आणि उरलेल्या जागेत त्याच पाण्यावर भाज्या वाढतात. या पद्धतीला ॲक्वापोनिक्स म्हणतात. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं आणि कॉलेजात जाणारा मुलगा, एवढ्या पाच जणांत हे चालतं. बघायला येणारी माणसं जे विचारतात ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवलं आहे.

माशांचं घाण पाणी भाजीला घालायचं, एवढंच ना हे?

मधला एक टप्पा राहिला, आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. मासे खातात आणि अमोनिया बाहेर टाकतात. त्यातला बराचसा विष्ठेतून न जाता कल्ल्यांवाटे जातो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. अमोनिया माशांना विष आहे. पाण्यातले एक प्रकारचे जिवाणू, नायट्रोसोमोनास, त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे जिवाणू, नायट्रोस्पिरा आणि नायट्रोबॅक्टर, त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना बरंच सोसतं आणि झाडांना तेच हवं असतं. झाडांनी ते उचललं की पाणी पुन्हा माशांकडे जातं.

शेणखत शेतात टाकल्यावर मातीत हेच घडतं. आपण ते बघत नाही, इतकंच. इथे माती नसल्यामुळे त्या जिवाणूंना राहायला जागा आपल्याला द्यावी लागते आणि त्यांची आबाळ होणार नाही हे बघावं लागतं. आमचे सासरे येणाऱ्याला पहिल्यांदा हेच सांगतात, की आपण मासे पाळत नाही आणि भाजीही पाळत नाही, आपण पाणी पाळतो.

हायड्रोपोनिक्स आणि बायोफ्लॉक यांच्यापेक्षा हे वेगळं कसं?

हायड्रोपोनिक्समध्ये विद्राव्य खतं विकत आणून पाण्यात घालतात, मासे नसतात. बायोफ्लॉकमध्ये भाजी नसते. तिथे गूळ किंवा मळी घालून दुसऱ्या जातीचे जिवाणू वाढवतात, ते अमोनिया खातात आणि मासे त्या जिवाणूंचे गठ्ठे खातात. बायोफ्लॉकचं गढूळ पाणी सरळ भाजीच्या मुळांना सोडू नका. मुळं चिकट गाळाने माखतात आणि गुदमरतात.

किती मोठं करावं? माशांचा आणि भाजीचा मेळ कसा घालायचा?

बहुतेक जण टाकी किती लिटरची घेऊ इथून सुरुवात करतात. हिशेब खाद्यापासून लावायचा असतो, कारण झाडांना मिळणारं सगळं पोषण रोज टाकीत पडणाऱ्या खाद्यातूनच येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली छोट्या ॲक्वापोनिक्सवर पुस्तिका काढली. तिच्यात पालेभाजीच्या दर चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम आणि फळभाजीला ५० ते ८० ग्रॅम खाद्य धरलं आहे. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी तरंगत्या वाफ्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांचा आकडा ६० ते १०० ग्रॅमचा आहे. घरच्या कामाला आम्ही ५० धरतो.

आमचे तरंगते वाफे २० चौरस मीटर आहेत. म्हणजे रोज १ किलो खाद्य. वाढीला लागलेला मासा दिवसाला आपल्या वजनाच्या दीड ते दोन टक्के खातो. म्हणजे टाकीत ५० ते ६५ किलो मासे हवेत. नवशिक्याने १,००० लिटरला १५ किलोच्या वर जाऊ नये. मग टाकी ३,३०० ते ४,३०० लिटरची येते. आम्ही ४,००० वर थांबलो. वाफ्यांत ३० सेंटिमीटर खोल पाणी असतं, तेही धरलं तर एकूण पाणी १०,००० लिटर होतं. हा शेवटचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, कारण पुढे लोह घाला, चुना घाला, सगळी मापं त्याच्यावरच ठरतात.

जागा कमी असेल तर १,००० लिटरची टाकी आणि ५ चौरस मीटर वाफा, एवढ्यावरही घरची पालेभाजी निघते. मात्र ५०० लिटरच्या खाली जाऊ नका. पाणी जितकं थोडं, तितकं ते लवकर तापतं, लवकर गार पडतं आणि लवकर बिघडतं.

टाकी आणि वाफे कशाचे केले?

टाकी गोलच घ्या. पाणी फिरतं, घाण मधोमध गोळा होते आणि तळाच्या पाइपातून निघून जाते. चौकोनी टाकीचे कोपरे कायम कुजत राहतात. टाकीतून पाणी आधी २०० लिटरच्या पिंपात जातं. तिथे ते गोल फिरून जड घाण खाली बसते. मग दुसऱ्या पिंपात मच्छरदाणीच्या जाळीचे गठ्ठे भरले आहेत, तिथे बारीक गाळ अडतो आणि जिवाणूंना घर मिळतं. तिथून पाणी वाफ्यांत, वाफ्यांतून सर्वांत खालच्या टाकीत, आणि तिथून पंपाने परत माशांकडे. पाण्याचा पंप एकच ठेवा, बाकी सगळं उतारावर वाहू द्या.

वाफ्यांना विटांची चौकट आणि आत शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद आहे. वर भोकं पाडलेली थर्माकोलची जाड शीट तरंगतात. शिवाय दोन वाफे खडीचे आहेत. आपल्याकडचा काळा दगड, बसाल्ट, या कामाला फार चांगला, कारण तो पाण्यात विरघळून काही सोडत नाही. फक्त खडीत चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेले नसावेत. मूठभर खडीवर व्हिनेगर ओता, बुडबुडे आले तर ती खडी घेऊ नका. नाहीतर पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे तो आकडा, वर्षभर खाली यायचं नाव घेत नाही. खडी १२ ते २० मिलिमीटरची आणा आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. आम्हाला त्यात दोन दिवस गेले.

खडीच्या वाफ्यात गांडुळं सोडली आहेत, गांडूळखताच्या खड्ड्यातलीच, स्वच्छ धुऊन. मुळांत अडकलेली घाण ती संपवतात.

सगळं जोडून झालं. मासे लगेच सोडू का?

नका. आम्ही सोडले होते. पहिल्या वर्षी पाणी भरलं, पंप चालू केला, चार दिवसांनी २०० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडली. आठव्या दिवसापासून मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले, आणि पंधरवड्यात निम्म्याहून जास्त गेले. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. जिवाणू तयार झाले नव्हते आणि अमोनिया साठत गेला होता.

जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. आता आम्ही कुणालाही आधी माशांशिवाय पाणी तयार करायला सांगतो. शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्या. नवसागर म्हणतात तेच हे, पण बाजारातला नवसागर भेसळीचा असू शकतो, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. १०,००० लिटरला ७५ ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमच्या, आसपास येतो. रोज मोजा. आधी अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं, मग नायट्राइटही उतरतं आणि नायट्रेट दिसायला लागतं. २ पीपीएम टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य राहिलं, म्हणजे पाणी तयार झालं. कुणाकडे चालू यंत्रणा असेल तर तिच्या फिल्टरमधली मूठभर जाळी मागून आणा. दह्याला विरजण लागतं तसंच आहे हे. रोप मात्र या काळात लावून टाका, त्याचं नुकसान होत नाही.

मासे आणल्यावर पिशवी तशीच बंद अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला आणि माशांना आपणहून बाहेर येऊ द्या.

कोणते मासे पाळावेत?

घरच्या ॲक्वापोनिक्सला चिलापी, म्हणजे तिलापिया, सगळ्यात सोसणारा. उजनीच्या पाण्यात तो पसरलेला आहे आणि भिगवणच्या बाजारात रोज येतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागत नाही. पाळायला गिफ्ट जातीचं, सगळे नर असलेलं बीज घ्या. मिश्र बीज घेतलंत तर चार महिन्यांत टाकीत पिलांची गर्दी होते आणि एकही मासा अंगाने भरत नाही. गिफ्टचं पूर्ण नाव 'जेनेटिकली इम्प्रूव्ह्ड फार्म्ड तिलापिया', त्यातल्या 'जेनेटिकली' शब्दाला घाबरू नका. फिलिपिन्समध्ये १९८८ पासून चांगल्या माशांची निवड करून, त्यांचा मेळ घालून हे वाण तयार केलं. चांगला वळू निवडतात तसंच.

तिलापिया पाळायला परवानगी लागते, म्हणून आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. आणि हा मासा ओढ्यात, नदीत जाता कामा नये. इथे इंद्रायणी किती जवळ आहे! आमच्या प्रत्येक बाहेर जाणाऱ्या पाइपाला जाळी आहे आणि टाकीचं पाणी आम्ही कधीच ओढ्याकडे सोडत नाही. स्थानिक माशांची अंडी-पिल्लं खाणारा, भराभर वाढणारा मासा एकदा नदीत गेला की त्याला परत आणता येत नाही.

पंगस हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला तरी तगतो, पण मावळातली थंडी त्याला झेपत नाही. रोहू-कटल्याला मोठं पाणी लागतं, टाकीत ते बिचकतात आणि सावकाश वाढतात. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, थंडी चांगली काढतो. थाई मांगूर कुणी कितीही गळ घातली तरी घेऊ नका, त्याला देशात बंदी आहे.

आम्ही माळकरी आहोत, घरात मासे खात नाहीत. मग हे आमच्यासाठी नाहीच का?

आमच्या सासूबाई माळकरी आहेत, आळंदीची वारी चुकवत नाहीत, आणि हरितगृहात सगळ्यात जास्त वेळ त्याच असतात. हा प्रश्न आमच्या घरात पहिल्याच दिवशी आला होता. त्यावर तोडगा असा निघाला की १,००० लिटरची एक वेगळी टाकी आणि दोन वाफे त्यांचे. त्यात कोई आणि गोल्डफिश आहेत. ते कुणी खात नाही, ते वर्षानुवर्षं जगतात आणि भाजीला त्यांचं पाणी तितकंच चालतं. कोई थंडीही चांगली सोसते. पुण्यात शोभेच्या माशांना गिऱ्हाईक असतं, त्यामुळे वाढलेले मासे विकताही येतात. त्या टाकीच्या वाफ्यातली मेथी त्या स्वतःच्या हाताने खुडतात आणि देवळात नेतात.

भाज्या कोणत्या येतात?

पालक, लेट्यूस, पुदिना, बेसिल, चवळई, अंबाडी आणि नाळीची भाजी तरंगत्या वाफ्यावर उत्तम. कोथिंबीर-मेथी खडीच्या वाफ्यात बरी, तरंगत्या शीटवर तिचं बूड कुजतं. अळू बघण्यासारखा येतो. खडीच्या वाफ्याच्या तोंडाशी, जिथे पाणी पहिल्यांदा पडतं तिथे, चार कंद लावले होते, आता पानं सुपाएवढी होतात. गौरी-गणपतीला आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांच्या अळूवड्या आणि फदफदं तिथूनच जातं.

टोमॅटो, काकडी, मिरची पहिल्या सहा महिन्यांत लावू नका. त्यांना पोटॅश आणि चुना जास्त लागतो आणि नव्या पाण्यात तेवढं नसतं. मुळा, गाजर, कांदा, बटाटा हे मातीतच करा.

पाणी कोणतं वापरायचं? ग्रामपंचायतीच्या नळाचं चालेल?

नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन असतं. ते माशांच्या कल्ल्यांना जाळतं आणि जिवाणूंना मारतं. ते पाणी उघड्या पिंपात काढून, त्यात हवेचा दगड (हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) सोडून, चोवीस तास ठेवा आणि मगच वापरा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर आधी तपासून घ्या, आपल्या भागात ते बहुतेक जड असतं. पावसाचं पाणी सर्वांत गोड, पण त्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून निम्मं पावसाचं आणि निम्मं विहिरीचं असं आम्ही मिसळतो. पॉलिहाऊसच्या पन्हळीला पिंपं लावली आहेत.

रोज एकूण पाण्याच्या १ ते ३ टक्के भर घालावी लागते. आमच्याकडे ते १०० ते ३०० लिटर होतं, एप्रिल-मेमध्ये वरच्या टोकाला.

पीएच किती ठेवायचा? तो सारखा खाली का येतो?

माशांना सातच्या वर बरं वाटतं, झाडांना साडेसहाच्या खाली, जिवाणूंना सात ते आठ. तिघांनाही चालेल असा आकडा ६.८ ते ७. नवीन यंत्रणेत तो बरेच दिवस वर राहतो. मग जिवाणू जोमाने काम करायला लागले की आम्ल तयार होतं आणि तो उतरतो. उतरणं हे त्यांची तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. पण सहाच्या खाली गेला की त्यांचं काम थांबतं आणि अमोनिया साठायला लागतो.

वर आणायला आम्ही एकदा विरी गेलेला चुना आणि पुढच्या वेळी पोटॅशियम बायकार्बोनेट वापरतो, म्हणजे झाडांना कॅल्शियम आणि पोटॅश दोन्ही आपोआप मिळतं. बादलीत विरघळवून, नितळ पाणी थोडं थोडं घाला, माशांच्या टाकीत न घालता खालच्या टाकीत. एका दिवसात ०.२ पेक्षा जास्त हलवू नका. खाण्याचा सोडा वापरू नका, त्यातलं सोडियम झाडांना बाधतं.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ ला तो एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून अमोनिया चढलेला असताना घाईघाईने चुना ओतणं म्हणजे माशांना मारणंच.

लाईट गेली तर काय करायचं?

पैसे कमी पडत असतील तर दुसरं काहीही पुढे ढकला, पण बॅटरी पहिल्या दिवशी घ्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. माशांना ५ च्या वर हवा. भरलेल्या टाकीत हवा बंद पडली तर दीड-दोन तासांत मासे तडफडायला लागतात, उन्हाळ्यात त्याहून लवकर.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला आणि रात्री अकराला लाईट गेली. आम्ही झोपलो होतो. पहाटे सासरे उठले तेव्हा ४० मासे पांढरं पोट वर करून तरंगत होते, त्यातले मोठे सगळे होते. मोठा मासा आधी जातो, त्याला हवा जास्त लागते. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

आता हवेचा पंप वेगळा आहे, ६० वॅटचा, आणि तो १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर इन्व्हर्टरमधून चालतो. दहा-बारा तास निघतात. पाण्याचा पंप बंद पडला तरी तेवढ्या वेळात काही बिघडत नाही, हवा चालू राहिली पाहिजे. लाईट गेली की वाजणारी एक छोटी घंटी ह्यांनी झोपायच्या खोलीत बसवली आहे. आणि लाईट नसताना माशांना खायला घालायचं नाही, खाल्लं की त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो.

मावळात एवढा पाऊस, थंडीही बरीच. वर्षभर चालतं का?

चालतं, पण सारख्या वेगाने चालत नाही, आणि तशी अपेक्षा धरू नका. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं. ऊन नसलं की झाडं नायट्रेट उचलत नाहीत, पानं लांबट आणि मऊ होतात, बुरशी लागते. त्या दिवसांत खाद्य एक तृतीयांशाने कमी करतो, रोपांतलं अंतर वाढवतो आणि बाजूचे पडदे दिवसा उघडे ठेवतो. लावणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसं भाताच्या खाचरात असतात, तेव्हा वाफे निम्मे रिकामे असले तर बरंच.

डिसेंबर-जानेवारीत चिलापीची भूक मरते. पाणी १६ अंशांच्या खाली गेलं की खाणं जवळपास थांबतं, आणि १०-१२ अंशांना मासे मरतात. टाकी निम्मी जमिनीत पुरा, म्हणजे मातीची ऊब मिळते. रात्री वर प्लास्टिकचा कागद ओढा. त्या दोन महिन्यांत दुपारी एकदाच, पाणी तापल्यावर, थोडं खायला घाला. लेट्यूस आणि पालक मात्र याच दिवसांत सर्वांत गोड येतात.

मार्चपासून वर ५० टक्क्यांची शेडनेट. विदर्भ-मराठवाड्यातून विचारणाऱ्यांना सांगते, तुमच्याकडे बंद पॉलिहाऊस नको, चारही बाजू मोकळ्या ठेवून नुसती शेडनेट करा आणि टाकी जमिनीत जास्त खोल पुरा. तिथे मासे मजेत राहतात, पण उन्हाने लेट्यूस कडू होतं. त्याऐवजी अंबाडी आणि चवळई लावा.

कीड पडली तर फवारायचं काय?

काहीच नाही, असं समजून चाला. सायपरमेथ्रिनसारखी कृत्रिम पायरेथ्रॉइडं माशांना अगदी सूक्ष्म प्रमाणातही मारतात. बोर्डो मिश्रणातलं तांबं माशांना आणि जिवाणूंना दोघांना घातक. तंबाखूचा अर्क नको, साबणाचं पाणी नको, निंबोळी अर्कसुद्धा पाण्यात गेला तर माशांना मानवत नाही. लोक 'नैसर्गिक आहे ना' म्हणून हेच फवारतात आणि मग मासे का मेले विचारतात.

दाराला दुहेरी पडदा, बाजूंना ४० मेशची जाळी, पिवळे चिकट सापळे, आणि रोज सकाळी पानं उलटी करून बघणं. मावा दिसला की ते रोप शीटवरून उचलून बाहेर न्यायचं, पाण्याच्या धारेने धुवायचं किंवा गुरांना टाकायचं. अळ्यांना बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू चालतो. शेजारच्या शेतात फवारणी असेल त्या दिवशी त्या बाजूचा पडदा खाली. शेजाऱ्यांना सांगून ठेवलं आहे, ते आदल्या दिवशी आवाज देतात.

पानं पिवळी पडतात. पाण्यात खत घालू का?

कोणतं पान पिवळं पडतंय ते आधी बघा. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी आहे. हे जवळपास सगळ्यांकडे होतं, कारण माशांच्या खाद्यात लोह झाडांना पुरेल इतकं नसतं. दर तीन आठवड्यांनी लिटरला २ मिलिग्रॅम लोह द्या. आमच्या १०,००० लिटरला २० ग्रॅम, म्हणजे ११ टक्के लोह असलेलं डीटीपीए चिलेट (पाण्यात विरघळलेलं राहणारं लोह) साधारण १८० ग्रॅम. फेरस सल्फेट घालू नका, ते गंजासारखं तळाशी बसतं. जुन्या पानाच्या कडा करपल्या तर पोटॅश, सगळी जुनी पानं फिकी तर नत्र, म्हणजे मासे किंवा खाद्य कमी पडतंय. युरिया आणि १९:१९:१९ खत पाण्यात कधीही नाही.

रोज किती वेळ द्यावा लागतो?

सकाळी पाऊण तास, संध्याकाळी वीस मिनिटं, आणि आठवड्यातून एक सकाळ. सकाळी पहिल्यांदा मासे बघायचे. खायला घालताना ते झेपावतात की नाही, यावरून बहुतेक सगळं कळतं. मग हवेचे बुडबुडे, पाण्याची पातळी, तापमान, पिंपाच्या तळाचा गाळ सोडणं. पीएच दिवसाआड, अमोनिया आणि नायट्राइट आठवड्यातून एकदा, दोन्ही १ पीपीएमच्या खाली. सगळं एका वहीत. मुलाने मोबाइलवर तक्ता करून दिला आहे, पण सासऱ्यांची वहीच आमच्या उपयोगी पडते, तिच्यात 'आज मासे सुस्त' असंही लिहिलेलं असतं.

खाद्य कोणतं? घरातलं उरलेलं चालेल का?

२८ ते ३२ टक्के प्रथिनांचं तरंगतं दाणेदार खाद्य, दिवसातून दोनदा, दहा मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं जाळीने काढून टाका. भात-पोळी नको, ती तळाशी आंबते. शेवग्याचा पाला, अझोला, पालकाची बाहेरची पानं चिलापी आवडीने खातात, तेवढं वरचं खाणं म्हणून द्या.

पिंपातला गाळ कुठे टाकता?

केळी, कढीपत्ता आणि परसातल्या नारळांना. केळींचे घड बघून लोक खत विचारतात, ते हेच.

मासा आजारी पडला तर औषध?

तो मासा वेगळ्या टबात काढा. मिठाचं पाणी तिथेच द्या, मोठ्या यंत्रणेत मीठ गेलं की झाडं बसतात. प्रतिजैविकं जिवाणूंना मारतात, त्यामुळे मुख्य पाण्यात कधीच नाहीत. नवीन आणलेले मासे दोन आठवडे वेगळे ठेवा, आमच्याकडचा एकमेव मोठा आजार नव्या माशांबरोबर आला होता.

या पाण्यावरची पालेभाजी कच्ची खाल्ली तर चालते? वास येत नाही?

वास येत नाही. येत असेल तर पाण्यात काहीतरी कुजतंय. पोटाचे बहुतेक आजार पसरवणारे जंतू गरम रक्ताच्या प्राण्यांकडून येतात, म्हणजे उंदीर, पाखरं, गुरं आणि आपले हात. म्हणून शेणाचे हात किंवा गोठ्यातल्या चपला आत चालत नाहीत, उंदरांचा बंदोबस्त कडक असतो आणि पाणी पानांवर उडू देत नाही. उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, हाताला जखम असेल तर मोजे घाला. भाजी काढल्यावर पिण्याच्या पाण्याने धुतो. मासा काढायच्या आधी दोन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवा, मातकट वास जातो.

परवडतं का? अनुदान मिळतं का?

२० चौरस मीटरवर चौरस मीटरला २० प्रमाणे ४०० लेट्यूस बसतात. रोप लावल्यापासून साधारण पाच आठवड्यांत तयार, म्हणजे टप्प्याटप्प्याने लावलं तर आठवड्याला ८०. रोजचा १ किलो खाद्याचा हिशेब धरला आणि एक किलो वाढीला १.६ किलो खाद्य लागतं असं मानलं, तर गरम दिवसांत महिन्याला १८-१९ किलो मासा वाढतो. दोन पंपांचे १५० वॅट दिवसभर चालले तर महिन्याला १०८ युनिट वीज. तुमच्या गावचे भाव घालून बघा. आमचा घरचा भाजीपाला निघतो, मासे-भाजी विकून चालू खर्च भागतो आणि थोडं उरतं. एवढ्या जागेवर संसार चालत नाही, आणि कर्ज काढून एकदम मोठं करणाऱ्याला मी हात जोडून थांबवते. एक वर्ष, चारही ऋतू, छोट्यावर काढा.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत माशांच्या प्रकल्पांना सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत मदत आहे. निकष बदलतात, म्हणून मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारूनच यंत्रणा आखा. मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्था आणि रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय इथे मासेपालन शिकलेली माणसं भेटतात. पॉलिहाऊसचं प्रशिक्षण आमच्या जवळ तळेगाव दाभाड्याला मिळतं.

'सेंद्रिय' म्हणून विकता येईल का?

प्रमाणपत्राशिवाय तो शब्द वापरू नका. आम्ही जुडीच्या कागदावर 'फवारणी न केलेली' एवढंच लिहितो, आणि गिऱ्हाइकाला शनिवारी येऊन बघायला सांगतो.

डास, बेडूक, साप?

माशांच्या टाकीत डासांच्या अळ्या टिकत नाहीत. खालच्या टाकीत आणि वाफ्यांत गप्पी सोडा, प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मिळतात. बेडूक राहू द्या, किडे खातात. धामण उंदरांमागे येते, तिला मारू नका. खंड्याला रोखायला टाकीवर जाळी लागतेच, शेवाळ वाढू नये म्हणून सावलीलाही तीच उपयोगी पडते.

चार दिवस गावाला, लग्नाला जायचं असेल तर?

जा. मोठा मासा चार-पाच दिवस खाल्ल्याशिवाय आरामात राहतो. नवख्या माणसाच्या हाती खाद्याचा डबा देऊन जाणं जास्त धोक्याचं, कारण दया येऊन तो तिप्पट घालतो. आम्ही डबा कपाटात कुलूप लावून ठेवतो आणि शेजारच्या वहिनींना तीनच गोष्टी सांगतो: हवेचे बुडबुडे दिसतात का, पाणी खुणेच्या रेघेपर्यंत आहे का, इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागलाय का. तिघांपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असलं तर कुठल्याही वेळी फोन करायचा, आणि फोन लागेपर्यंत बादलीने टाकीतलंच पाणी उंचावरून परत टाकीत ओतत राहायचं.